बेटावरचा सिनेमा आणि आबांचं धोतर

आमच्या घरात काठीला बांधलेल्या पांढऱ्या धोतराचा अर्थ ‘मी बरा आहे, येऊ नका’ असा होता. बाकीच्या जगात त्याचा अर्थ वेगळा असतो, हे मला सातवीत असताना एका विनोदी सिनेमामुळे कळलं.

वडिलांच्या थोरल्या भावाला आम्ही आबा म्हणायचो. धरण भरलं तेव्हा आमची जुनी वाडी पाण्याखाली गेली आणि सगळे अलीकडच्या काठावर येऊन राहिले. आबा आले नाहीत. वाडीच्या मागची टेकडी पाण्याच्या वर राहिली होती. तिच्या माथ्यावर आमचा वरकस जमिनीचा तुकडा होता, त्यात आबा नागली आणि वरी करायचे. एक झोपडी, दोन बैल, थोड्या कोंबड्या. त्यांची बायको, माझी काकू, मी जन्मायच्या आधी गेली. तिचं दहन त्या टेकडीच्या उतारावर केलं होतं आणि ती जागा बुडाली नव्हती. आबांनी हे कारण कधी सांगितलं नाही. ते म्हणायचे, “नागली कोण राखंल? डुकरं?”

उन्हाळ्यात पाणी उतरलं की मागच्या बाजूने लांबचा वळसा घालून चालत जाता यायचं. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे कितीतरी महिने ती टेकडी म्हणजे बेट असायची. वाडीची एक होडी होती. वडील भातसानगरला धरणाच्या कामावर रोजंदारीने जायचे, आणि सुट्टीच्या दिवशी होडी घालून आबांना मीठ, रॉकेल, तंबाखू नेऊन द्यायचे. पण आषाढ-श्रावणात वारा सुटला, की होडी पाण्यात घालायची कोणाची हिंमत नसायची. अशा दिवसांत आबा पलीकडे एकटे काय करत असतील, पडले असतील का, तापाने फणफणले असतील का, या काळजीने वडील जेवताना मध्येच थांबायचे. भाऊ तिकडे एकटा मरेल आणि आपल्याला कळणारही नाही, एवढी एकच भीती त्यांना होती. दर वर्षी ते आबांना खाली ये म्हणायचे आणि दर वर्षी आबा नागलीचं नाव सांगायचे.

म्हणून दोघा भावांनी ही खूण ठरवली होती. रोज सकाळी आबांनी माथ्यावरच्या काठीला धोतर लावायचं आणि ऊन चढलं की काढून घ्यायचं. ते बघायचं काम माझं होतं. शाळेची वेणी घालून झाली की मी घरामागच्या उंचवट्यावर जायचे. माणूस दिसायचा नाही, पांढरा ठिपका तेवढा दिसायचा. मग मी वडिलांचा पंचा डोक्यावर धरून हलवायचे. तो आबांना दिसतो की नाही, मला माहीत नव्हतं. पण कोणी ‘बरा आहे’ म्हणालं तर आपणही काहीतरी म्हणावं, असं मला वाटायचं. घरात येऊन मी सांगायचे, “हाय.” आणि वडील डबा घेऊन निघायचे.

सातवीच्या वर्षी सव्वीस जानेवारीला मला वक्तृत्वाचं बक्षीस मिळणार होतं. भातसानगरच्या कॉलनीत झेंडावंदन असायचं, आणि आसपासच्या शाळांतली मुलं तिथे जमायची. आमच्या घरात शाळेचं बक्षीस पहिल्यांदाच येणार होतं. वडिलांनी आदल्या दिवशी होडी नेऊन आबांना आणलं. आबा पांढरं स्वच्छ धोतर नेसून आले होते. सकाळी कॉलनीच्या रस्त्याने चालताना त्यांनी ते मला चिमटीत धरून दाखवलं.

“वळखलंस का गो? रोज तूच बघतेस. आज अंगावर हाय, तर तिकडं काठी उघडी. कोणी बघंल तर म्हणंल, म्हातारा गेला.”

“सणासुदीचं तसलं बोलू नको, दादा,” वडील म्हणाले.

“मंग काय बोलू? भाषण आज तिचं हाय.”

बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली. आबांनी ती उघडून आतलं कर्कटक बघितलं, टोक बोटाला लावून बघितलं आणि पेटी परत माझ्या हातात दिली. म्हणाले, “जपून वापर. डोळ्यात जाईल.” एवढंच. पण सभा संपेपर्यंत ते ओळखीच्या प्रत्येकाला माझ्याकडे बोट करून काहीतरी सांगत होते.

झेंडावंदनानंतर कॉलनीच्या हॉलमध्ये सिनेमा होता. टेबलावर टीव्ही आणि व्हिडिओ ठेवला होता, खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता. धरणावरच्या कोणा साहेबांनी कॅसेट आणली होती. तिच्यावरचं लेबल फाटलेलं होतं, त्यामुळे सिनेमाचं नाव मला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढेही कळलं नाही. जुना, काळा-पांढरा, इंग्रजी. कॉलनीतले पंपावर काम करणारे एक गृहस्थ टीव्हीच्या बाजूला उभे राहून आम्हाला गोष्ट मराठीत सांगत होते. त्यांना तरी इंग्रजी किती येत होतं कोण जाणे, पण त्या सिनेमाला भाषेची गरज फारशी नव्हती.

एक उंच माणूस आणि एक बुटका माणूस. जहाज फुटतं आणि दोघे एका बेटावर येऊन पडतात. बेटावर माडच माड. उंच माणूस माडाला टेकतो, तर वरून नारळ बुटक्याच्या डोक्यावर. बुटका चिडून माडाला लाथ मारतो, तर चार नारळ उंचाच्या डोक्यावर. मग दोघे एकमेकांना नारळ फेकून मारतात. मुलं हसून हसून लोळत होती. आमच्या पुढच्या ओळीत वाडीच्या बायका बसल्या होत्या. त्यातली एक शेजारणीला म्हणाली, “एवढे नारळ, आणि एकानं पण देवाला फोडला नाय.”

“म्हणून तर अडकलेत,” शेजारीण म्हणाली.

आमच्याकडे माड नव्हते. नारळ यायचा तो दुकानातून, सणाला नाहीतर नवसाला. त्यामुळे त्या बायका विनोद करत नव्हत्या. त्यांना तो नारळांचा नास खरोखर बघवत नव्हता.

दोघे झावळ्यांची झोपडी बांधतात आणि बुटका शिंकला की ती पडते. आबांना ही झोपडी आवडली नाही. “मेढ पुरली नाय खोल,” ते वडिलांना म्हणाले. “माती कुटायला होवी.” शिंकेने झोपडी पडते हा थट्टेचा भाग आहे, हे त्यांना कळत होतं. तरीही मेढीचा खांब खोल नव्हता हे खरंच होतं.

मग उंच माणूस अंगातला सदरा काढून एका काठीला बांधतो, बेटावरच्या सगळ्यात उंच खडकावर चढतो आणि काठी रोवतो. सदरा वाऱ्यावर फडफडायला लागला.

“हां,” आबा मोठ्याने म्हणाले. “बरा हाय म्हणतोय.”

आमच्या ओळीतल्या माणसांनी माना डोलावल्या. वाडीत सगळ्यांना ती खूण ठाऊक होती. पण टीव्हीजवळचे गृहस्थ वळून म्हणाले, “बरा कसला, बाबा? वाचवा म्हणतोय. कपडा लावला म्हणजे हेल्प, हेल्प. सगळ्या दुनियेत असंच असतं.”

कॉलनीतली मुलं आबांकडे बघून हसली. मी कंपासपेटी मांडीवर घट्ट धरली.

पुढे लांबून एक जहाज येतं. दोघे नाचतात, उड्या मारतात, सदरा हलवतात. जहाजावरची माणसं कठड्याशी येतात. त्यांना वाटतं, बेटावरची माणसं नमस्कार करतायत. तीही रुमाल काढून हलवतात. छान हसतात. टोप्या उंचावतात. आणि जहाज निघून जातं. बुटका रडायला लागतो, त्याच्या डोक्यावर नारळ पडतो.

सगळा हॉल हसत होता. मी हसले नाही. मला माझा पंचा आठवला. रोज सकाळी उंचवट्यावर उभी राहून मी जे करत होते, तेच ती जहाजावरची माणसं करत होती. मी वडिलांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत नव्हते. ते आबांकडे बघत होते, आणि आबा आपल्या नेसलेल्या धोतराच्या काठाकडे.

नंतर दोघे तराफा बांधतात, रात्रभर वल्ही मारतात आणि उजाडल्यावर बघतात तर तराफ्याची दोरी माडालाच बांधलेली. तेव्हा मात्र आबाही हसले. मग ते दोघे दोरी सोडून पुन्हा निघाले, तराफा लाटांवर डोलायला लागला, आणि वीज गेली. बराच वेळ वाट बघून लोक उठले. दोघे सुटले की बुडाले, कोणालाच कळलं नाही.

परत येताना वडील एकदम म्हणाले, “दादा, तू कापड लावतोस ते बरा असतोस म्हणूनच ना?”

“मंग कशाला लावीन?”

“गेल्या श्रावणात तुला ताप आला होता म्हणालास. धा-बारा दिवस उठता येत नव्हतं म्हणालास.”

“हां.”

“तेव्हा पण कापड होतं. पोरगी रोज सांगायची, हाय म्हणून.”

आबा चालत राहिले. “सरपटत जायचो काठीपावत,” ते म्हणाले. “नसतं लावलं तर तू होडी घातली असतीस. पाणी कसं होतं तेव्हा, आठव. लहान पोरं हायत तुला.”

वडील रस्त्यातच थांबले. माझ्या लक्षात आलं की आमच्या खुणेत ‘मी बरा नाही’ म्हणायची सोयच नव्हती. धोतर असलं तर बरा, नसलं तर मेला. मधलं काही सांगायचं झालं तर आबांनी काय करावं, हे कोणी ठरवलंच नव्हतं. दोघा भावांना ते कधी सुचलं नव्हतं. आमच्याकडची माणसं मदत मागायची सोय आधी करून ठेवत नाहीत.

घरी आल्यावर वडिलांनी दुकानातून नारळ आणला. देवापुढे पाटावर ठेवला आणि आबांना समोर बसवलं.

“ह्यावर हात ठेव. अडचण असली तर धोतर नाय लावायचं, घोंगडी लावायची. काळी घोंगडी दिसली की मी येईन. आणि ती लावलीस की कायमचा खाली यायचं.”

“पाणी चढलं असलं तर?”

“पाण्याचं मी बघीन.”

“मी घोंगडी लावणार नाय.”

“नको लावूस. पण हात ठेव.”

आबांनी बराच वेळ नारळाकडे बघितलं. मग हात ठेवला. आईने तो नारळ लाल फडक्यात बांधून देवाच्या फळीवर ठेवला. आमच्यात असा शब्दाचा नारळ शब्द पुरा झाल्याशिवाय फोडत नाहीत. दुसऱ्या दिवशी आबा परत गेले. नेसूचं धोतर पुन्हा काठीवर चढलं. मी पंचा हलवला, पण आता मला पंचा हलवताना तो सिनेमा आठवायचा, आणि हात लवकर खाली यायचा.

पुढची वर्षं तशीच गेली. मी दहावी झाले, बारावी झाले. कॉलेजसाठी शहापूरला मुलींच्या वसतिगृहात राहिले. कापड बघायचं काम धाकट्या भावाकडे गेलं. माझ्या शिक्षणासाठी वडिलांनी, आईने आणि आबांनी जे सोसलं ते मी इथे मांडत बसत नाही. त्यांनीही कधी मांडलं नाही. आबा दर दिवाळीला नागलीचं पीठ पाठवायचे आणि निरोप असायचा, ‘तिकडं भाकर मिळत नसंल.’ पदवीचा निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन होडीतून टेकडीवर गेले. आबा थकले होते. बैल राहिले नव्हते. नागली आता अंगणाएवढ्या जागेतच होती, म्हणजे राखायलाही काही उरलं नव्हतं. त्यांनी पेढा अर्धा खाल्ला, अर्धा काकूच्या जागेकडे जाऊन ठेवून आले. मी म्हटलं, “आबा, आता चला खाली.”

“नारळावर हात ठेवलाय मी,” ते म्हणाले. “घोंगडी लावली की येतो. लावली नाय अजून.”

मला मुरबाड तालुक्यात धसईच्या बाजूला शाळेत नोकरी लागली. एका वर्षी श्रावणात सुट्टीला घरी आले होते. चार दिवस झड लागली होती आणि त्या सकाळी उघाड पडली होती. मी सवयीने उंचवट्यावर गेले. भाऊ माझ्या आधी तिथे उभा होता. तो पलीकडे बघत होता. काठीवर पांढरं नव्हतं. काळं, जड काहीतरी लोंबत होतं.

वडिलांना सांगितलं तेव्हा ते चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि वल्हं घेतलं. वय झालं होतं त्यांचंही, म्हणून मीही होडीत बसले. पाणी गढूळ होतं, पण वारा नव्हता. वडील वल्हं मारत राहिले. एकदाच म्हणाले, “लावता आली म्हणजे हात हलत असतील.”

आबा काठावरच्या खडकावर बसले होते. अंगावर धोतर, बाजूला बांधलेलं गाठोडं, काखेत कोंबडा. चेहरा पिवळा, पायाला सूज. होडी टेकल्यावर त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, “घोंगडी भिजली होती. वाळत घातली.”

वडिलांनी गाठोड्याकडे बघितलं. मग माथ्यावरच्या घोंगडीकडे.

“बरं झालं,” ते म्हणाले. “आमी पण सहजच आलो. पोरगी म्हणाली, आबांना बघू.”

“आलाच हायत तर येतो मंग.”

“ये.”

मी घोंगडी काढायला वर गेले. परत आले तेव्हा वडील आबांना हाताला धरून होडीत चढवत होते. काठ चिखलाचा होता. आबांचा पाय घसरला, ते होडीच्या कडेवर बसले, होडी तिरकी झाली आणि दोघे भाऊ गुडघाभर पाण्यात धपकन बसले. कोंबडा काखेतून सुटून वडिलांच्या डोक्यावर जाऊन उभा राहिला आणि आरवला. वडिलांनी त्याला हाकलायला हात वर केला, तर त्यांच्या हातातलं वल्हं आबांच्या पाठीत बसलं.

मी घाबरून धावले. वडील विचारत होते, “दादा, लागलं का? दादा?” आबा पाण्यात बसून हसत होते. आवाज निघत नव्हता, खांदे हलत होते. मग वडीलही हसायला लागले. डोक्यावर कोंबडा तसाच. दोन म्हातारे भाऊ चिखलाच्या पाण्यात एकमेकांना धरून हसत होते, आणि आबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी घोंगडी उराशी धरून काठावर उभी राहिले. मला हसू आलं नाही. कॉलनीतल्या हॉलमध्ये सगळे हसत होते तेव्हाही मी कंपासपेटी अशीच धरून बसले होते.

घरी आल्यावर आईने आबांना कोरडं नेसायला दिलं. वडिलांनी फळीवरून लाल फडकं काढलं. आबांनी ते बघितलं.

“ह्यो कशाला? मी वाळत घातली होती.”

“श्रावण हाय,” वडील म्हणाले. “श्रावणात नारळ फोडायला काय लागतं?”

इतक्या वर्षांत आतलं पाणी आटून खोबऱ्याचा गोटा झाला होता. हलवला की आत खडखड वाजायचा. वडिलांनी देवापुढे तो फोडला आणि सुकं खोबरं सगळ्यांना वाटलं. आबा आपला तुकडा तोंडात धरून बराच वेळ चघळत बसले. शहापूरच्या डॉक्टरांनी हृदय थकल्याचं सांगितलं आणि गोळ्या दिल्या. त्यानंतर आबा आमच्यात दोन पावसाळे राहिले.

त्या काळात आमच्या शाळेतल्या एका सरांनी जुन्या विनोदी सिनेमांच्या सीडी आणल्या. मुलांना दाखवायच्या आधी मी ऑफिसातल्या संगणकावर बघत होते, तर एकीमध्ये तेच दोघे निघाले. मी तो शेवटपर्यंत पाहिला. तराफा वाहत वाहत एका मोठ्या जहाजाला जाऊन धडकतो, फुटतो, आणि जहाजावरचे लोक दोघांना जाळ्यातून वर ओढून घेतात. कप्तान त्यांना पाहुणचार म्हणून नारळ देतो आणि दोघे बेशुद्ध पडतात.

शनिवारी मी मुरबाडहून एसटीने घरी गेले. आबा ओटीवर बसले होते. तिथून पाणी दिसतं, आणि पाण्यापलीकडे टेकडी. काठी अजून माथ्यावर उभी होती, उघडी.

“आबा,” मी म्हटलं, “कॉलनीत सिनेमा बघितला होता, तो आठवतो? बेटावरचा?”

“माकडासारखी दोन माणसं. नारळ वाया घालवत होती.”

“तो मी पुरा बघितला. सुटले दोघे. जहाजावर घेतलं त्यांना.”

आबांनी मान हलवली. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “मंग परत गेले का ते?”

“कुठे?”

“बेटावर. बघायला.”

मी म्हटलं, सिनेमात ते दाखवत नाहीत. सुटले की सिनेमा संपतो.

“हां,” आबा म्हणाले.

दिवाळी झाल्यावर, पाणी निवळलं तेव्हा, वडील त्यांना होडीने घेऊन गेले. मी बरोबर नव्हते. वडिलांनी सांगितलं ते एवढंच, की आबा काकूच्या जागेपाशी बसले, झोपडीच्या मेढी हलवून बघितल्या, त्या पक्क्या होत्या. मग माथ्यावर गेले आणि वडिलांना म्हणाले, “काठी काढ. उगा कोणी बघंल.” दोघांनी मिळून ती उपटली, आणि येताना होडीत आडवी घालून आणली.

ती काठी आमच्या परसात मांडवाला आहे. पावसाळ्यात तिच्यावर शिराळ्याचा वेल चढतो. आबा गेले त्या वर्षी आईने तो पहिल्यांदा लावला होता. मी घरी गेले की सकाळी उठून अजूनही आधी त्या उंचवट्यावर जाते. टेकडीचा माथा मोकळा दिसतो. पंचा मी नेत नाही.